नलावडेसाहेबांचा परतीचा दाखला

आमच्या ब्लॉकच्या खाली रोज सकाळी म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम चालतो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जिला इथे सिंगापुरात व्हॉइड डेक म्हणतात, एक चिनी बाई गाणं लावते आणि पंधरा-वीस म्हातारेकोतारे तिच्याकडे बघून हात वर-खाली करतात. व्यायाम फुकट असतो. नलावडेसाहेब या व्यायामाला एक दिवसही चुकले नाहीत, आणि एक दिवसही त्यात सामील झाले नाहीत. फरशी जिथे संपते तिथे पाण्याची नाली आहे. साहेब नालीच्या पलीकडे गवतात उभे राहायचे आणि तिथून हात वर-खाली करायचे. पाऊस आला तर एका हातात छत्री धरून दुसरा हात हलवायचे. त्या चिनी बाईने सुरुवातीला त्यांना खूप बोलावलं. मग तिनेही नाद सोडला.

मी एकदा विचारलं, "साहेब, आत का नाही जात?"

"बाई, नालीच्या आत योजना आहे," ते म्हणाले. "आत गेलं की ती वही पुढे करते. नाव, फ्लॅट नंबर, सही. झाली नोंद. इथे गवतात मी माझा हलतो. हात माझे, हवा देवाची. आपलं नाव यादीत नको."

आपलं नाव यादीत नको, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चार वेळा तरी यायचं.

साहेब चौथ्या मजल्यावर लेकीकडे राहतात. आम्ही नवव्या मजल्यावर. माझा मुलगा जुरोंग आयलंडला इंजिनियर आहे, पहाटे कंपनीच्या बसने जातो तो अंधार पडल्यावर येतो. सून पण नोकरीला. इथे हौगांग भागात आल्यावर पहिले सहा महिने मी घराबाहेर कुणाशी एक शब्द बोलले नाही. मुळात मी बोलकी नाही, आणि इथे तर बोलायला भाषाच नव्हती. एक दिवस लिफ्टमध्ये भाजीची पिशवी फाटली आणि मी आपल्याशीच काहीतरी पुटपुटले. कोपऱ्यात एक उंच, ताठ म्हातारा उभा होता. बुशशर्टाच्या खिशात पेन, त्याच्यामागे घडी केलेला कागद.

"मराठी?" त्याने विचारलं.

"हो जी."

"जी म्हणता. कुठल्या? वर्धा?"

"हो जी, वर्ध्याकडचीच."

"नागपूर महसूल विभाग," तो म्हणाला, आणि चौथा मजला आल्यावर निघून गेला.

ही आमची ओळख. पुढे कळलं की ते साताऱ्याकडच्या एका तालुक्याला तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकून होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, देश बदलला, तरी कचेरी काही त्यांच्यातून निघाली नव्हती. स्वयंपाकघराला ते पुरवठा शाखा म्हणायचे. जावई कामासाठी बाहेरगावी गेला की "साहेब दौऱ्यावर आहेत" म्हणायचे. नात रिया शाळेचं प्रगतिपुस्तक घेऊन आली की चष्मा लावून, "आणा, तपासणी अहवाल बघू." कुणी जेवायला काही नेऊन दिलं की पहिला प्रश्न, "हे कुठल्या योजनेतून?" मी दिवाळीला चकल्या नेल्या तेव्हाही हेच विचारलं. मी घाबरून म्हटलं, "घरच्या आहेत जी." तेव्हा कुठे डबा उघडला.

हा फुकटाचा धसका त्यांना का बसला, ते सांगायचं तर परतीच्या दाखल्याचं सांगावं लागेल.

साहेबांची बायको वारल्यावर त्यांची मुलगी मीनल त्यांना इथे घेऊन आली. ती इथली नागरिक झालेली. तिने खटपट करून वडिलांना पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे पीआर, करून घेतलं. पर्मनंट म्हणजे कायमचा. पण इथे कायमच्या माणसालाही देशाबाहेर जाऊन परत यायचं तर वेगळी परवानगी लागते. री-एन्ट्री परमिट. त्याला मुदत असते. मुदत संपली आणि तुम्ही बाहेर असलात, तर तुमचं कायमपण गेलं. साहेब त्याला परतीचा दाखला म्हणायचे. कचेरीत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला असे सगळे दाखले लिहून त्यांचे हात झिजले होते, त्यांना हा एक नवा दाखला मिळाला. खिशात पेनामागे असायची ती त्याचीच झेरॉक्स.

आणि नोकरीतली बरीच वर्षं साहेब निराधार योजनेच्या टेबलावर होते. म्हाताऱ्या, विधवा, ज्यांना कुणी नाही, त्यांना दरमहा सरकारी पैसे मिळतात ती योजना. वर्षातून एकदा तपासणी असायची. साहेब गावात जायचे, यादीतली बाई घरी आहे का बघायचे. घरी नसेल, शेजाऱ्यांनी सांगितलं की गेली लेकीकडे, मुंबईला, तर शेरा मारायचा: गावी राहत नाही. मग नाव कापलं जायचं.

त्यातून साहेबांनी एक कायदा तयार केला होता आणि तो ते सिंगापूरला घेऊन आले होते. सरकारचं खाल्लं की उंबरा ओलांडायचा नाही. उंबरा ओलांडायचा असेल तर सरकारचं खायचं नाही. इथे फुकट काही घेतलं, सवलत घेतली, की कुठेतरी नोंद होणार. आणि दाखल्याची मुदत वाढवायची वेळ आली की कुणीतरी ते पान उघडणार.

"पण असं कुठे लिहिलंय बाबा?" मीनल डोकं धरायची.

"परिपत्रक नंतर येतं," साहेब म्हणायचे.

इथे साठीच्या पुढच्या माणसाला बसमध्ये, एमआरटी म्हणजे मेट्रोत कमी भाड्याचं कार्ड मिळतं. मीनलने काढून दिलं होतं. साहेबांनी ते कपाटात देवाच्या फोटोमागे ठेवलं आणि पूर्ण भाडं भरून फिरले. फ्लूची सुई, डोळ्यांची तपासणी, चिनी नवीन वर्षाला वाटतात त्या संत्र्यांच्या पिशव्या, सगळ्याला नको. एकदा व्हॉइड डेकमध्ये कुणी फुकट टिशूची पाकिटं वाटत होतं. एका पोरीने साहेबांच्या हातात एक कोंबलं आणि पळाली. साहेब ते घेऊन ब्लॉकला दोन फेऱ्या मारून आले, तिला शोधत. सापडली नाही, तर पाकीट कठड्यावर ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही साक्षीदार."

नागरिकांच्या घरांना इथे सरकारकडून कुपनं येतात. मीनल त्यातून तांदूळ, तेल आणायची. साहेब विचारायचे, "हा तांदूळ कुठला?" तिने मग दोन डबे केले. निळा डबा कुपनाचा, स्टीलचा बाबांच्या पेन्शनचा. साहेब स्वतः बघायचे कुकरला कुठल्या डब्यातला लागतोय. एक दिवस मी तिथे असताना मीनल एकाच पोत्यातून दोन्ही डबे भरत होती. माझ्याकडे बघून ती हसली. "मावशी, सांगू नका हं." मी कशाला सांगते! मी कुणाला काही सांगणाऱ्यातली नाहीच. तेव्हा हा मला माझा गुण वाटायचा.

रविवारी सकाळी साहेब खाली बाकावर बसून गावी फोन लावायचे. मी शेजारच्या बाकावर शेंगा निवडत असायची. फोन अक्कांना, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीला. आई लहानपणीच गेली, अक्कांनीच त्यांना वाढवलेलं. फोन स्पीकरवर असायचा, कारण अक्का ओरडून बोलायच्या आणि साहेबांना फोन कानाला लावणं शक्यच नव्हतं.

"दत्तू, जेवलास का रं?"

"अक्का, आत्ता सकाळचे दहा वाजलेत."

"मग न्याहारी केलीस का? तिकडं भाकरी मिळती व्हय?"

"मिळते."

"खोटं बोलतोस. आवाज बारीक झालाय तुजा."

सत्तरी गाठलेल्या, नालीपलीकडे ताठ उभ्या राहणाऱ्या त्या माणसाचा चेहरा त्या वेळी दुसरीतल्या पोरासारखा व्हायचा.

गेल्या वर्षी अक्कांनी अंथरूण धरलं. फोन अक्कांच्या पुतण्याची बायको धरायची. अक्कांचं ओरडणं गेलं. आता साहेबांना फोन कानाशी न्यावा लागायचा, पण सवयीने स्पीकर चालू असायचा, म्हणून मला ऐकू यायचं.

"एकदा तोंड दाव बाबा. मग काय व्हायचं ते हू दे."

"येतो अक्का. दाखल्याची मुदत संपत आलीय. नवा झाला की पहिल्या विमानाने येतो."

"कसला दाखला? बहिणीकडं यायला दाखला लागतोय व्हय?"

"तिकडे यायला नाही. इकडे परत यायला लागतो."

अक्का म्हणाल्या, "मग घे बाबा. लेकीचं घर सोडू नगंस."

मुदत संपायला अजून तीन महिने होते. मीनलने तिकिटं बघून ठेवली होती. साहेब इतके खूश की एक दिवस नालीच्या अगदी काठावर उभं राहून व्यायाम केला.

आणि एका मंगळवारी बाजारात, मासळीच्या गाळ्यांसमोर, ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. मी भाजी घेत होते. आवाज ऐकला आणि वळले तर साहेब खाली, डावा पाय वेडावाकडा. ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या माणसांनी माझ्याकडे बोट दाखवून काही विचारलं, मी मान हलवली, तर मलाही आत बसवलं. मीनल आंग मो किओला कंपनीत होती, फोन उचलत नव्हती. साहेबांनी सगळ्या रस्त्यात ओठ दाबून धरले होते. एकदाच म्हणाले, "बाई, जाऊ नका हं."

दवाखान्यात त्यांना एक्स-रेला नेलं. मी पडद्याशेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात एक नर्स आली.

आता इथे माझं एक सांगायला हवं. या देशात मला तीन शब्द पुरतात. कॅन, कॅनॉट आणि थँक्यू. भाजीवाली विचारते, "आंटी, धिस वन कॅन?" मी म्हणते, "कॅन." लिफ्टमध्ये कुणी सायकल आत घेऊ का विचारतं, मी म्हणते, "कॅन." कॅन म्हटलं की समोरचा माणूस हसतो आणि जातो. आणखी बोलावं लागत नाही. कॅनॉट म्हटलं की का ते सांगावं लागतं. म्हणून कॅनॉट मी कधी वापरलाच नाही.

नर्स हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "आंटी, सी-क्लास वॉर्ड, सबसिडाइज्ड, कॅन?"

मला वॉर्ड समजलं आणि कॅन समजलं. वाटलं, वॉर्डात हलवू का विचारतेय. मी म्हटलं, "कॅन, कॅन." दोनदा म्हटलं.

ती हसली आणि गेली. संध्याकाळी मीनल धावत आली, तिने समोर आले त्या कागदांवर सह्या केल्या आणि मी घरी आले.

हाड बसवलं, प्लास्टर झालं, सहा दिवसांनी साहेब घरी. पुढच्या आठवड्यात बिल आलं. मी डबा द्यायला गेले होते. मीनल खुशीत होती. "बघा मावशी, मी घाबरले होते. केवढं कमी झालंय! पीआरला नागरिकांइतकी नाही, पण सवलत मिळते सरकारी वॉर्डात."

साहेबांनी हात पुढे केला. कागद घेतला, चष्मा लावला, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले.

"हे काय आहे? गव्हर्नमेंट सबसिडी?"

"तीच ती बाबा."

"अर्ज कुणी केला?"

"कुणी नाही हो. आपोआप होतं ते."

"आपोआप काही होत नसतं, मीनल. कुठेतरी कुणीतरी हो म्हटलेलं असतं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला तेव्हा उमगलं, ती नर्स मला काय विचारत होती. तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. साहेब, मी म्हटलं हो. ते चिडले असते, ओरडले असते, नर्सने बाईला का विचारलं म्हणून अर्ज लिहिला असता. मी डबा ओट्यावर ठेवला आणि लिफ्टने वर गेले.

त्यानंतर साहेबांनी ठरवलं की सवलत परत करायची. ती परत केल्याशिवाय दाखल्याचा अर्ज करायचा नाही. अर्ज फोनवरून करायचा असतो, आणि फोन नि पासवर्ड साहेबांच्या ताब्यात. मीनल रडली. "बाबा, जुना दाखला अजून चालू आहे. आत्ता जाऊन या. आत्यासाठी तरी!"

"आणि तिकडे असताना इकडे नाव कापलं तर? तू मला कशी आणणार परत?"

"कुणी कापत नाही हो!"

"मी कापलीत," साहेब म्हणाले. "मला सांगू नकोस."

रियानेही फोनवर काहीतरी काढून दाखवलं, इथल्या पोरांसारखं वाक्यावाक्याला 'लाह' लावत. "आजोबा, सी, नो सच रूल लाह. पीआर म्हणून सबसिडी घेतली तर काही होत नाही. रिलॅक्स लाह."

"तू लहान आहेस. परिपत्रक नंतर येतं."

प्लास्टर निघाल्यावर, काठी टेकत, ते दवाखान्याच्या बिलाच्या काउंटरवर गेले. मीनलने सोबत यायला नकार दिला, म्हणून मी गेले. खरं म्हणजे मला वाटत होतं, वाटेत सांगून टाकू. बस आली, बस गेली, आमचा स्टॉप आला, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

साहेबांनी इंग्रजीत अर्ज टाइप करून आणला होता. दोन प्रती. काउंटरवरच्या पोरीने तो वाचला, उलटा करून पाठीमागे बघितलं, परत वाचला.

"अंकल, यू वॉन्ट टु पे मोअर?"

"येस."

"बट व्हाय लाह?"

"आय सरेंडर द बेनिफिट," साहेब कचेरीतल्या आवाजात म्हणाले.

"अंकल, कॅनॉट सरेंडर. ऑलरेडी डन."

"देन टेक माय ॲप्लिकेशन. अँड गिव्ह मी पोच."

पोच म्हणजे काय ते तिला कळेना. साहेबांनी दुसरी प्रत पुढे केली आणि शिक्का मारायची खूण केली. तिच्याकडे शिक्काच नव्हता. इतक्या मोठ्या दवाखान्यात शिक्का नाही, याचा साहेबांना खरोखर धक्का बसला. शेवटी तिने एक छापील फॉर्म दिला, लोक आपलं मत कळवतात तो. साहेबांनी त्यावर बारीक अक्षरात सगळं लिहिलं आणि पेटीत टाकलं.

परत निघायच्या आधी ते बाहेरच्या बाकावर टेकले. पाय दुखत होता. मी म्हटलं, "साहेब, अक्का वाट बघत असतील. जाऊन या ना. होईल ते होईल." एवढं बोलायला मला एक अख्खा दिवस लागला होता.

त्यांनी काठी दोन्ही पायांच्या मध्ये टेकवली. मग म्हणाले, "बाई, अक्काचं नाव होतं यादीत."

"कुठल्या जी?"

"माझ्या. निराधारच्या. ती लवकर विधवा झाली, मूल नाही. दुसऱ्या कारकुनाने घातलं होतं तिचं नाव, मी नाही. मीनल झाली तेव्हा माझी बायको तीन महिने अंथरुणात होती. अक्का आली. गाव सोडून माझ्या घरी राहिली. मीनलला न्हाऊ घालायची, हिचं बघायची, माझा डबा करायची. त्याच काळात तपासणी लागली. मी तिच्या गावाला गेलो. तिच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ती गेली भावाकडं. सोबत तलाठी उभा, कोतवाल उभा." त्यांनी खिशातलं पेन चाचपलं. "मी शेरा लिहिला. गावी राहत नाही. माझ्याच अक्षरात. आणि रात्री घरी येऊन तिच्या हातचं जेवलो."



"तिला कळलं तेव्हा हसली. म्हणाली, बरं झालं दत्तू, बहीण म्हणून ठेवलं असतंस तर लोकांनी तुला नावं ठेवली असती. मी पैसे पाठवले की परत करायची. परत अर्जही केला नाही कधी." काठीने ते फरशीवर रेघ ओढत होते. "त्यानंतर प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी मी कोतवालाला गावात पाठवायचो. बायांना सांग, उद्या घरी राहा. नियमात बसत नव्हतं. वरच्या साहेबांना कळलं, माझं प्रमोशन गेलं. गेलं तर गेलं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. याच्याहून चांगली वेळ आली नसती. पण मी विचार केला, हा माणूस आत्ता इतका दुखावलाय, आता नको, उद्या सांगू.

फॉर्मला उत्तर यायला तीन आठवडे लागले. साहेबांनी मला खाली बोलावून वाचून दाखवलं. दवाखान्याने त्यांच्या चांगल्या शब्दांबद्दल आभार मानले होते आणि कळवलं होतं की त्यांचं कौतुक वॉर्डातल्या नर्सपर्यंत पोचवलं आहे. त्यांचा अर्ज कौतुकाच्या गठ्ठ्यात गेला होता. मीनल इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. साहेब मात्र गंभीरपणे म्हणाले, "चुकीच्या शाखेत गेला. स्मरणपत्र पाठवतो."

स्मरणपत्र पाठवलं. त्याच आठवड्यात जुन्या दाखल्याची मुदत संपली. आता बाहेर जायचं तर नवा हवाच. मीनल रोज भांडायची, साहेब रोज पोस्टाची पेटी बघायचे. रविवारचा फोन चालू होता, पण अक्का बोलायच्या नाहीत. पुतण्याची बायको म्हणायची, "ऐकत्यात, बोला तुम्ही." साहेब मग एकटेच बोलायचे. आज वांग्याची भाजी झाली. रियाची परीक्षा आहे. येतो अक्का, कागद अडकलाय.

एका गुरुवारी अक्का गेल्या.

त्या दिवशी साहेबांनी फोन मीनलच्या हातात दिला. तिने अर्ज केला. एक फोटो, चार ओळींची माहिती. दवाखान्याबद्दल एक ओळही विचारली नव्हती. काही दिवसांत नवा दाखला मिळाला, पुढच्या पाच वर्षांचा. मीनलने लिफ्टमध्ये मला सांगितलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही, कुणाचं गेलं की शेजारून जेवण जातं. ज्या दिवशी बातमी आली त्या दुपारी मी पिठलं-भात घेऊन चौथ्या मजल्यावर गेले होते, पण दार मीनलने उघडलं आणि मी डबा देऊन परतले. दाखला आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. या वेळी साहेब एकटे होते. मीनल, जावई कामावर, रिया शाळेत. टेबलावर दाखल्याचा छापलेला कागद पडला होता, घडी न घातलेला.

मी ताट वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले. मी उभीच होते. हात पदरात गुंडाळले आणि जमिनीकडे बघून बोलून टाकलं.

"साहेब, मी हो म्हटलं होतं. त्या नर्सला. मला कळलं नाही ती काय विचारते. मी कॅन म्हणाले. तुम्ही एक्स-रेला होता. माझ्यामुळे झालं सगळं. मी आधी सांगायला हवं होतं."

वर पंखा फिरत होता. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"एक्स-रे झाला होता," ते म्हणाले. "मला परत आणलं होतं. पडद्यामागेच होतं माझं स्ट्रेचर. सबसिडाइज्ड म्हणाली ती. ऐकलं मी."

मी वर बघितलं. "मग तुम्ही नको का नाही म्हटलं?"

साहेबांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"म्हणणार होतो," ते म्हणाले. "शब्द तोंडाशी आला होता. पण नको म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की तुमचं चुकलं. तुम्ही लाजून उठला असता आणि घरी गेला असता." त्यांनी भाताचं एक शीत बोटाने ताटाच्या कडेला सारलं. "मीनलला यायला संध्याकाळ होणार होती. पाय फार दुखत होता हो. आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं."

मी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी ताट पुन्हा जवळ घेतलं.